नवव्या गाण्यातलं शिलाई मशीन

माझ्यावर कुणी विश्वास ठेवत नाही, आणि त्यात न ठेवणाऱ्यांची काही चूक नाही. मी दुरुस्त केलेल्या एका रेडिओवर उद्याच्या बातम्या आजच लागायच्या, हे मी चाळीस वर्षं सांगत आलोय. गिऱ्हाइकानं तो परत आणून दिला. म्हणाला, निकाल आधीच कळतो म्हणून पोरगं अभ्यासच करत नाही. तर मी असा माणूस. म्हणूनच माझ्या मुलीच्या नव्या अल्बमबद्दल लिहितोय ते जरा नीट वाचा. यात थाप नाही. थाप आहे ती अल्बममध्ये.

अल्बम पाच आठवडे पहिल्या नंबरावर आहे. नऊ गाणी. पहिलं मला फारसं रुचलं नाही. जिन्यावरून कुणी धावत येतंय आणि जिना काही संपत नाही, असं वाटतं. तिसऱ्यातला ठोका एवढा जबर, की काउंटरवरचा माझा चष्मा चालत चालत कडेला गेला आणि खाली डोकावला. बरं, डोकावला नाही. पण गेला. पाचवं मात्र ऐकाच. ओळीआधी ती घेते तो श्वास तिनं तसाच ठेवलाय. मी असतो तर कापून टाकला असता. माझा जन्म टेपवरची खरखर काढण्यात गेला.

नववं गाणं सुरू होतं ते शिलाई मशीनच्या आवाजानं. अर्धं मिनिट नुसतं मशीन, मग एका चिमुरडीचं बडबडगीत, आणि त्यात हळूच मोठेपणीचा आवाज मिसळतो. प्रत्येक मुलाखतीत मुलगी सांगते, "ते मशीन म्हणजे माझी आई." लोक रडतात.

ते मशीन तिच्या आईचं नाही.

ती पाच वर्षांची असताना मी तिचं बडबडगीत कॅसेटवर घेतलं होतं. मागे बायको मशीनवर उशांचे अभ्रे शिवत होती. पुढे जुन्या कॅसेटी साफ करून देण्याचा धंदा मी सुरू केला, तेव्हा घरचीच पहिली घेतली. मशीनची खडखड अशी काढली की टाचणी पडली तर ऐकू यावी. आणि माझी पद्धत अशी, की साफ केलेला आवाज गिऱ्हाइकाच्या त्याच कॅसेटवर पुन्हा भरायचा. लोकांना आपली कॅसेट हवी असते, आपल्या अक्षरातल्या चिठ्ठीसकट. घरच्या कॅसेटला तरी वेगळा न्याय लावायचा की नाही? नाही लावला. जुनं पुसलं, नवं भरलं.

बायकोनं ऐकलं आणि म्हणाली, "छान. म्हणजे मी त्या खोलीत नव्हतेच म्हणायची."

आम्ही दोघं हसलो होतो.

ती गेली, मशीन कुणाला तरी देऊन टाकलं. मग दोन वर्षांपूर्वी मुलीचा फोन आला. "बाबा, ती कॅसेट पाठवा ना. मागे आई मशीन चालवतेय ती." तेव्हाच खरं बोलायला हवं होतं. पण ज्याच्या तोंडात थाप तयार असते, त्याला खरं शोधायला वेळ लागतो. मी समोरच्या शिंप्याकडे गेलो, "नवा माइक तपासायचाय" म्हणालो, त्याचं मशीन दहा मिनिटं टिपलं, मुलीच्या आवाजामागे घातलं, वर कोऱ्या टेपची थोडी खरखर भुरभुरली. आयुष्यभर खरखर काढली, एकदाच घातली. ऐकून मुलगी फोनवर हमसून हमसून रडली. मी गप्प बसलो.

मागच्या आठवड्यात शिंपी गळ्यात मापाची टेप अडकवूनच दुकानात शिरला.

"काय रेडिओवाले, लेकीचं गाणं ऐकलं. शेवटचं."

"मग?"

"वहिनींच्या मशीनचा पट्टा अगदी माझ्या मशीनसारखाच करकरायचा की हो!"

"सगळे पट्टे करकरतात."

"असं कसं? तीस वर्षं पायाखाली आहे माझ्या. बायकोची हाक एक वेळ ओळखणार नाही, पण हे ओळखीन." मग तो माझ्याकडे बघत राहिला आणि त्याचा आवाज उतरला. "अहो... तो माइक?"

मी चष्मा काढून पुसायला लागलो.  जाताना तो एवढंच म्हणाला, "पोरीला सांगा. माझं काय, मी कुणाला बोलणार नाही."

दुसऱ्याच दिवशी दुपारी मुलीचा फोन. "बाबा, शनिवारच्या कार्यक्रमाला पहिल्या रांगेत तुमची खुर्ची ठेवलीय. शेवटी सगळे दिवे बंद करून एक मिनिट फक्त आईचं मशीन वाजवणार आहे."

"ते तिचं नाही," मी म्हणालो.

"पुरे हं तुमच्या थापा. आईला तरी सोडा."

"शिंप्याचं आहे. मी... कॅसेट पुसली गेली. माझ्याच हातानं."



"खरं बोलताय तुम्ही," ती म्हणाली. "थापा मारताना कधी असे अडखळत नाही."

"चुकलो गं."

"आईचं मशीन कसं वाजायचं? मला वाजवून दाखवा."

फोन काउंटरवर ठेवला आणि बोटांनी टकटक केली. "असं जायचं बघ. आणि मध्येच एक टाका चुकायचं, ठेच लागल्यासारखं."

"कितव्या टाक्याला?"

सातव्या, असं जिभेवर आलंच होतं. तिनं मानलं असतं. साऱ्या जगानं मानलं असतं.

"आठवत नाही, बाळा."

"मलाही नाही," ती म्हणाली. फोन मात्र लगेच ठेवला नाही तिनं.

शनिवारी तिनं आठच गाणी म्हटली. लोक नवव्यासाठी ओरडत राहिले, ती हात जोडून आत गेली. नंतर मी मागच्या खोलीत भेटायला गेलो. तिनं माझ्या कोटाची कॉलर सारखी केली आणि विचारलं, "जेवलात का?" मशीनचं काही बोलली नाही. अजून बोललेली नाही.