गाडीची कडी बाहेरून

त्या गाडीत आमच्या गावातलं कुणी कधी आपणहून बसलं नव्हतं. सत्त्याऐंशी साली तीच गाडी त्यांनी आम्हाला दान दिली, आणि वर आमच्याकडून टाळ्या वाजवून घेतल्या.

पोलीस ठाणं कुठलं आणि साहेब कोण, ते मी लिहिणार नाही. साहेब रिटायर झाले असले तरी त्यांचे कान अजून नोकरीत आहेत. मी निर्मळजवळच्या आमच्या आळीतल्या दवाखाना मंडळाचा सभासद, आणि हे सगळं मी पुढच्या सीटवरून पाहिलंय. मी वाढवून सांगतो असं लोक म्हणतात. म्हणू देत. ही गोष्ट मला उलट कमी करून सांगावी लागते, नाहीतर माझंच डोकं फिरतं.

गाडी म्हणजे ती निळी पोलीस व्हॅन. मागे समोरासमोर दोन बाकडी, खिडक्यांना जाळ्या आणि दाराला कडी बाहेरून. आतून दार उघडायची सोयच नाही. आत बसणाऱ्याला कुठं उतरायचंय हे विचारायची त्यांच्यात पद्धत नव्हती.

आदल्या उन्हाळ्यात याच गाडीत इनेझबायच्या बस्त्यावला कोंबला होता. इनेझबाय फुलवाली, नवरा नाही, मोगऱ्यावर पोरगा वाढवला. बाप्तिस्म्याचं नाव सेबॅस्टियन, पण गावाला तो बस्त्याव. त्या उन्हाळ्यात टँकरवाले आमच्या बावखलांतलं, म्हणजे वाड्यांतल्या तळ्यांतलं, पाणी पंपानं ओढून नव्या बिल्डिंगींना विकत होते. केळी उभ्या जागी करपल्या, मोगरा काळा पडला. मग बायापुरुष जाऊन टँकरपुढं बसले. बस्त्यावही बसला. आणि टँकरची काच फुटली.

काच फोडली माडावरून पडलेल्या नारळानं. मी डोळ्यांनी पाहिलं. तो नेम धरून पडला, हेही पाहिलं. साहेबांना सांगितलं, तर म्हणाले, "नारळाला अटक करता येत नाही. माणूस द्या."

आम्ही दिला नाही. त्यांनी घेतला. गाव ते ठाणं या वाटेवर बंद गाडीत काय झालं, ते बस्त्यावनं आईलाही सांगितलं नाही, पण त्या दिवसापासून त्याला डाव्या कानानं ऐकू येत नाही. ठाण्याच्या आवारात उतरता उतरता साहेबांनी जाहीर केलं, "आरोपीनं गाडीतच कबूल केलंय, दगड मीच मारला म्हणून." झालं. त्या कबुलीवर खटला उभा राहिला. बस्त्याव जामिनावर सुटला, पण दर शनिवारी ठाण्यावर हजेरी. शनिवारी गैरहजर राहणारा कामगार कारखान्याला नको होता, त्यामुळे नोकरीही गेली.

इनेझबायला भरपाई नको होती. ज्या तोंडानं 'यानं मारला' म्हटलं, त्याच तोंडानं, चार लोकांत, 'यानं नाही मारला' म्हणायला हवं होतं. बस, एवढंच.

आणि त्याच तोंडाचा आम्ही सत्कार करणार होतो! गाडी त्यांच्या कामाची राहिली नाही, म्हणून ती गरिबांच्या कामाची झाली. निळ्यावर पांढऱ्या रंगाचा एक हात फिरवला, वर लाल क्रॉस काढला. उन्हात उभी केली की खालची 'पोलीस' अक्षरं घामोळ्यासारखी वर यायची. मंडळाचे लोक हारासाठी इनेझबायकडे गेले, तर म्हणाली, "त्या मानेसाठी माझ्या झाडाला फूल नाही."

हार विरारच्या बाजारातून आणला. शाल आणली. नारळ आणायचं काम माझ्याकडे होतं. मी तो त्याच माडाचा आणला. हे फक्त मला आणि नारळाला माहीत होतं.

समारंभ शनिवारीच होता. साहेब गळ्यात हार, अंगावर शाल आणि हातात नारळ घेऊन बोलायला उभे राहिले. "कालपर्यंत ही गाडी कायद्याची सेवा करत होती, आजपासून ती दुबळ्यांची करील. हिला आता कुणी भिऊ नये!" आम्ही टाळ्या वाजवल्या. माझे हात अजून दुखतात.

तेवढ्यात दवाखान्यातून रोझलिन नर्स धावत आली. बस्त्यावच्या बायकोला, सुझानला, कळा सुरू झाल्या होत्या, रक्त जात होतं, हॉस्पिटल गाठायलाच हवं होतं. सगळ्यांनी गाडीकडे पाहिलं. साहेबांचा चेहरा खुलला. पहिल्याच दिवशी पेशंट! फोटोवाल्याला त्यांनी जवळ बोलावलं.

सुझानला खुर्चीत बसवून आणली. इनेझबाय गाडीच्या दारात आडवी उभी राहिली.

"यात माझ्या पोराला घातलंत. आता सुनेला घालू?"

"अहो बाई, आता ही ॲम्ब्युलन्स आहे."

"रंग वाळलाय का?"

कुणीतरी खुदकन हसलं. साहेब लाल झाले. "आत्ताच सांगितलं ना, भ्यायचं कारण नाही!"

"मग आधी तुम्ही बसा."

"मी?"

"चढा ना. भीती नाही म्हणता, मग चढा."

फोटोवाला समोर, गाव भोवती. साहेब चढले. त्यांच्या मागोमाग सुझानला उचलून ठेवलं, रोझलिन चढली, इनेझबाय चढली. मी रस्ता दाखवायला पुढं बसलो.

ड्रायव्हर होता धर्मा हवालदार, ठाण्याकडून गाडीबरोबर एका दिवसापुरता आलेला. उभ्या नोकरीत त्याचा हात एकच काम शिकला होता. माणसं आत, दार धाडकन, कडी खाली, पत्र्यावर दोन थापा. ते सगळं त्यानं केलं आणि गाडी सोडली.

मागून साहेब ओरडले, "धर्मा! अरे थांब! मी आहे आत!"

"सगले असंच वरडतात," धर्मा म्हणाला आणि गाडी आणखी दामटली.

"अरे, साहेब आहेत ते!"

"आत बसला की सगलेच सायेब अस्तात."

फाट्यावर हॉस्पिटल डावीकडे, ठाणं उजवीकडे. गाडी उजवीकडे वळली. धर्मा आजही एकवीरेची आन घेऊन सांगतो, स्टिअरिंग मी नाय फिरवला. खरंय त्याचं. मी स्वतः चाकाला लोंबकळून डावीकडे ओढत होतो. गाडीनं दोघांनाही जुमानलं नाही. रस्त्यावरचे लोक आतला आरडाओरडा ऐकत होते आणि बाजूला सरून वाट देत होते. त्या गाडीतून कुणीतरी ओरडतंय, यात थांबण्यासारखं त्यांना काय वाटणार?

पाठीमागच्या जाळीतून मला इनेझबायचा आवाज आला. "शाल काढा, साहेब."

"ही सत्काराची आहे."

"काढ म्हणते ना!"

गाडी ठाण्याच्या आवारात येऊन आपल्या ठरलेल्या जागी थांबली, आणि आत बाळ रडलं.

पायऱ्यांवर बस्त्याव उभा होता. शनिवार ना, हजेरी. शेजारीच कोर्ट, त्यामुळे काळे कोटवाले चहा पीत उभे. दारावरच्या पोलिसानं मान वर न करता सांगितलं, "एकेकाला उतरवा रे."

इनेझबायनं जाळीला तोंड लावलं. "बस्त्याव! सुटका झाली रे!"

आता बघा. आपल्यात कोठडीतून माणूस सुटला की सुटका, आणि बाई मोकळी झाली तरी सुटकाच. बस्त्यावनं चांगला कान पुढं केला. "माझी?" त्यानं विचारलं.

"तुझी नाही, बाबा. सुझानची. मुलगी झाली."

पोराचा चेहरा उजळला, पण त्याआधी क्षणभर विझला होता. तो विझलेला क्षण मी पाहिला. तेव्हा मला जो राग आला तो अजून गेलेला नाही.

बस्त्यावनं कडीला हात घातला.

"थांब," आतून आई म्हणाली. "साहेब आधी काहीतरी बोलणार आहेत."

"ही दमदाटी आहे!" साहेब किंचाळले. "दार उघड!"

"मी कुठं अडवलंय? आतून कडी नाही, ती तुमची करणी. रोझलिन, सुझान कशी आहे?"

"रक्त थांबलंय. दोघी ठीक आहेत."

"आई," सुझानचा बारीक आवाज आला, "बोलू दे त्यांना. मी थांबते."

आत बाळ रडत होतं. उन्हानं पत्रा तापला होता. मग साहेब पुटपुटले, "बस्त्यावनं नाही मारला."

"त्याला एका कानानं ऐकू येत नाही. मोठ्यानं."

"बस्त्यावनं दगड मारला नाही! काच नारळानं फुटली! उघडा!"

चहाचे पेले हातातच राहिले. बस्त्यावनं कडी काढली. सुझानला आणि शालीत गुंडाळलेल्या बाळाला ठाण्याच्या नव्या जीपमध्ये घातलं, रोझलिन बरोबर बसली आणि धर्मानं या वेळी हॉस्पिटलच गाठलं. नवी जीप अजून काही शिकली नव्हती.

साहेब उतरले. हाराचा नुसता दोरा उरला होता. त्यांनी घाम पुसला, टोपी सरळ केली आणि कोटवाल्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "आत जे बोललो ते कुणी धरू नका. बंद गाडीत, जबरदस्तीनं वदवून घेतलेल्या बोलण्याला काही अर्थ नसतो."

कोटवाल्यांच्या माना वळल्या. दारावरच्या पोलिसानंही मान वर केली.

इनेझबाय सगळ्यांत शेवटी उतरली, कोपरापर्यंत हात रक्तानं माखलेले. साहेबांच्या पुढ्यात जाऊन उभी राहिली.

"हेच," ती म्हणाली. "आता हेच कोर्टात येऊन बोल."

कोर्टात ते आले नाहीत. यावं लागलंच नाही. बंद गाडीचं ते वाक्य ऐकणारे कोटवाले इतके होते की बस्त्यावला पुढच्या शनिवारी कुणी बोलावलं नाही, त्याच्या पुढच्याही नाही, आणि खटला कधी निकाली निघाला ते आम्हाला कळलंसुद्धा नाही. माफी कुणी मागितली नाही. गाडी आम्ही ठेवून घेतली. फुकटची होती आणि गावाला गरज होती. इनेझबायनं मात्र तिला गावात येऊ देण्याआधी लोहाराकडे नेलं आणि दाराला आतून कडी बसवून घेतली.

बस्त्यावचा कान गेला तो गेलाच. तो दान करायला कुणी हार घालून आलं नाही.