सातवा अंगठा

गोजाबाई परांचीवरून पडून मेली. पण ते असो. सकाळी आठ वाजता ती चांगली जिवंत होती आणि चिमाजी गवंडी तिच्या अंगठ्याला शाई चोपडत होता.

"नेते, ह्यानं काय व्हनार?"

"युनियन व्हनार. मग परांचीला कठडा."

"मुकादमालाबी एक बसवा. रोज कुनाच्या तरी अंगावर येतो."

बाया हसल्या. मुकादम सोपानराव दुसरीकडे बघत बिडी ओढत राहिला. चिमाजी काही हसला नाही. नोंदणीला सात सभासद लागत. देहूरोडला त्याने सहा जमवले होते, तळेगावला सहा. सातवा मिळेस्तोवर इमारत पुरी व्हायची आणि माणसं पांगायची. पंधरा वर्षांत सगळ्यांना त्याला नेते म्हणायची सवय लागली होती. युनियन तेवढी व्हायची राहिली होती. आता पिंपरीच्या माळावर, अर्ध्या उभ्या कारखान्याच्या सावलीत, कागदावर सातवा अंगठा उमटला.

"दुपारी पुन्याचा साहेब पडताळनीला येनार. तवर पुसू नगंस. अंगठा तुझाच, ह्याला पुरावा."

"न्हाई पुसत."

तिने खरंच नाही पुसला. डोक्यावर सिमेंटचं घमेलं, एक हात त्याला, आणि दुसऱ्या हाताचा अंगठा कशालाही न लागू देता ताठ उभा. बांबू धरायचा तो चार बोटांनी. वरच्या भिंतीवर वीट बसवताना चिमाजीने ते पाहिलं. त्याला बरंसुद्धा वाटलं.

कठड्याला द्यायला कंत्राटदाराकडे बांबू नव्हते. तिरडीला दोन निघाले.

साहेब म्हणजे एक कारकून निघाला. त्याने छत्री मिटली आणि माणसं मोजली.

"सहाच आहेत."

"सातवी पडली, साहेब. आत्ताच."

"मग काट मारतो."

"अंगठा खरा हाय तिचा. बघा की."

चिमाजीने लुगड्याचा पदर बाजूला केला. अंगठा अजून काळाच होता, जरासुद्धा पुसलेला नव्हता. कारकुनाने वाकून कागद त्याच्याशेजारी धरला, बराच वेळ पाहिलं.

"अंगठा बरोबर आहे," तो म्हणाला. "पण सभासद हजर पाहिजे."

"हजर तर हाय."

कारकुनाने छत्री उघडली.

तो गेल्यावर सोपानरावाने हाळी दिली आणि बाया घमेली उचलून पुन्हा शिडीला लागल्या. चिमाजी विटांच्या ढिगावर बसला. शाईची बाटली उघडीच होती. त्याने आधी आपला अंगठा धोतराला खसाखसा पुसला, तो स्वच्छ होता तरी. मग कोरा कागद मांडीवर घेतला आणि अक्षर चांगलं यावं म्हणून सावकाश लिहिलं:

'सबब अर्जदार सहा इसमांची नम्र विनंती की, सदर सभासद गोजाबाई यांना परांचीस कठडा बसेपर्यंत हयात समजण्यात यावे.'