कामाचे स्वरूप

"हे घ्या मिस्त्री, आज तुम्हाला काम!" स्टोअरकीपरने टेबलावर ट्रे आदळला. "तासाभरापुरतंच हं. तपासणीच्या मॅडम गेल्या की परत द्यायचा."

ट्रेमध्ये पाच वजनकाटे होते. तबकडीचे, दुकानात टांगतात तसे. मिस्त्रींनी ते पाहिले आणि लगेच नजर खिडकीकडे वळवली. तपासणीपुरते काटे येणार हे कालच कळलं होतं, आणि आज हातांना आवर घालायचा, असं त्यांनी सकाळीच ठरवलं होतं.

या काट्यांच्या कारखान्यात त्यांना तीन वर्षं झाली होती. डावा पाय लहानपणीच वाळलेला, काखेत कुबडी. पण कारखान्यात येण्याआधी वीस वर्षं रस्त्याच्या कडेला बसून त्यांनी गावभरचे बिघडलेले काटे दुरुस्त केले होते. कायद्याने कारखान्याला अपंगांसाठी चार जागा ठेवाव्या लागत. त्यातल्या एका जागेवर त्यांना घेतलं, तेव्हा ते बायकोला म्हणाले होते, "चला, ऊन-पाऊस सुटला." सुटला खरा. त्याबरोबर कामही सुटलं. चौघांना जिन्याखालच्या खोलीत बसवलं होतं. सकाळी हजेरीची सही, संध्याकाळी घर. काम मागायला गेलं की साहेबांचं उत्तर ठरलेलं: "मशीनजवळ कशाला धडपडता? काही झालं तर आमच्या गळ्याशी येईल. बसून पगार मिळतोय, तर सुख दुखतंय का?"

दुखतच होतं. रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी म्हणतात; मिस्त्रींचे खोलीतल्या सगळ्या खुर्च्यांचे स्क्रू आवळून झाले होते, ढिले करून पुन्हा आवळून झाले होते. घरी बायको विचारायची, "आज किती काटे झाले?" ते आकडा सांगायचे. रोज वेगळा सांगायचे, कारण रोज एकच सांगितला असता तर तिने चोरी पकडली असती.

"ठरलंय ना नक्की?" ताईंनी विचारलं. ताईंना दिसत नसे. त्यांना टेलिफोनवर बसवायचं म्हणून घेतलं होतं, पण टेलिफोन काही त्या खोलीत आला नव्हता.

"ठरलंय. ट्रेला हात लावायचा नाही. मॅडमनी विचारलं की सांगायचं, तीन वर्षांत आज पहिल्यांदा काटा समोर आला."

"ऐन वेळी शेपूट घालू नका. नाहीतर पुन्हा वर्षभर बसा असेच."

बाकीचे दोघे, एक बहिरा शिपाई आणि एक हात नसलेला पॅकर, मिस्त्रींच्याच तोंडाकडे बघत होते. अपंगांना खरंच काम दिलं जातं का, हे बघायला सरकारी मॅडम वर्षातून एकदा यायच्या. आज बोललं तरच काही होणार होतं.

दहा वाजले. साडेदहा झाले. मॅडमचा पत्ता नव्हता. ट्रेमधल्या वरच्या काट्याची सुई शून्याच्या जराशी उजवीकडे अडकली होती. अगदी जराशी. मिस्त्रींनी मान फिरवली, पण ती सुई डोळ्यांत कुसळासारखी सलायला लागली. नुसतं बघायला काय हरकत आहे, म्हणून त्यांनी काटा जवळ ओढला. खिशातला पेचकस कधी बाहेर आला ते त्यांनाही कळलं नाही. तबकडी निघाली. आतल्या चाकाच्या दातांमध्ये वर्षानुवर्षांचा मळ घट्ट बसला होता. त्यांनी तो अलगद खरवडला, स्प्रिंग हलकेच दाबून पाहिली, आणि मग त्या माणसाला ना खोली आठवली ना ताई.

"हे आमचे मिस्त्री," दारातून साहेब म्हणाले.

मॅडम शेजारी येऊन बराच वेळ बघत उभ्या राहिल्या. दुसऱ्या काट्याची सुई झुलून शून्यावर थांबली, तेव्हा त्यांनी विचारलं, "किती वर्षं करताय हे काम?"

"वीस वर्षं," मिस्त्री मान वर न करता म्हणाले. "लोक आधी स्प्रिंग ताणतात, तिथेच चुकतं. आधी दात साफ करायचे."

"इतकं सुबक काम मी कुठे पाहिलं नाही हो," मॅडम म्हणाल्या आणि कागदावर काहीतरी लिहिलं. मिस्त्रींचे कान लाल झाले. ताई दोनदा खोकल्या. पण तोवर साहेब मॅडमना घेऊन निघालेही होते.

"अहो, हे काय केलंत?" ताई म्हणाल्या. "मी बोलणार होते. पण तुमच्याच तोंडून वीस वर्षं ऐकल्यावर माझं कोण ऐकणार?"

मिस्त्रींचा चेहरा पडला. आपल्याच हाताने चौघांच्या पायावर धोंडा पाडून घेतला होता त्यांनी. एवढ्यात स्टोअरकीपर ट्रे न्यायला आला.

"दोन दुरुस्त केलेत? कशाला? भंगारातले आहेत हे."

ते ऐकलं आणि मिस्त्रींनी कुबडी उचलली. आवार लांबच लांब होतं. मशीनवरची माणसं काम थांबवून बघू लागली. फाटकाशी मॅडमची जीप सुरू झाली होती.

"मॅडम, थांबा! ते खोटं होतं."

"काय खोटं? मी डोळ्यांनी पाहिलं."

"पाहिलंत ते खरंच आहे. काम मला येतं. पण हे लोक देत नाहीत. आज तुम्हाला दाखवायला भंगार आणून ठेवलं होतं. बाकी वर्षभर आम्ही चौघं नुसते बसतो."

साहेब मागोमाग धावत आले होते. "मिस्त्री, ऊन लागलं का तुम्हाला? मॅडम, निघा तुम्ही."

"मघाचे काटे आणा बघू," मॅडम म्हणाल्या.

आणायला कुणीच गेलं नाही. मॅडमनी थोडा वेळ वाट पाहिली, मग जीप बंद करायला लावली, खाली उतरल्या आणि बॉनेटवर कागद पसरला.

"तक्रार तुमच्या नावाने होईल. चालेल?"

"चालेल."

"मग हा रकाना बदलावा लागेल." त्यांनी बोट ठेवलं. 'कामाचे स्वरूप' या शब्दांपुढे मघाशी त्यांनीच लिहिलं होतं: काटेदुरुस्ती, कुशल कारागीर.

मिस्त्रींनी ते वाचलं. पुन्हा वाचलं. एवढ्या वर्षांत कुठल्याही सरकारी कागदावर त्यांच्याबद्दल पायापलीकडे कुणी काही लिहिलं नव्हतं. ते बायकोला दाखवावंसं वाटलं त्यांना.

"काय लिहू इथे?" मॅडमनी हळू आवाजात विचारलं.

"लिहा, काही नाही."

मॅडमनी त्या शब्दांवर रेघ मारली आणि पेन पुढे केलं. खोडलेल्या जागी ज्याची नोंद असेल त्याने सही करायची असते. मिस्त्रींनी पँटला बोटं पुसली, कुबडीवर भार दिला, आणि कागदाला डाग लागू न देता सही केली.