शेवटचं बटण

सून नुसती हातावर हात ठेवून बसते, ही सासूबाईंची तक्रार साऱ्या गल्लीला पाठ होती. पदवीनंतर आता विशेष मुलांची शिक्षिका व्हायला शिकतेय म्हणे, आणि स्वतःची लेक बुटाच्या नाडीशी झगडत असली तरी ही बया बोटसुद्धा उचलत नाही!

परीक्षेच्या शेवटच्या पाठाला घरच्यांना बसायची मुभा होती, म्हणून सासूबाईही येऊन बसल्या. सुनेने एका सावकाश शिकणाऱ्या मुलीच्या स्वेटरची वरची बटणं लावली आणि शेवटचं तिच्यावर सोपवलं. मुलीची बोटं घसरत राहिली. परीक्षकबाई घड्याळाकडे बघू लागल्या. सासूबाईंना राहवेना, त्या तरातरा पुढे गेल्या. सुनेने सगळ्यांदेखत त्यांचा हात धरला.

"आई, थांबा. तिचं तिला लावू द्या."

पाठ फसला तर वर्ष वाया जाणार होतं, तरी सून ढिम्म हलली नाही. अखेर बटण काजात शिरलं. मुलगी अशी खुदकन हसली, की परीक्षकबाईंनाही हसू आवरेना.

बाहेर येताच सासूबाई कडाडल्या, "माझा हात अडवायची छाती तुझ्या सासऱ्यांनासुद्धा कधी झाली नाही! तू मास्तरीणच हो गं. तुझ्यासारखी खमकी बाई मिळायला त्या पोरांनी नशीब काढलंय!"