ओंजळींची पाइपलाइन

आप्पांची धाकटी मुलगी नेमकं काय करते, हे आप्पांना आजवर कुणालाच धड सांगता आलं नव्हतं. थोरलीचं सोपं होतं. थोरली डॉक्टर, एका शब्दात विषय संपला. धाकटी चित्रं काढायची, पण म्हणे चित्रकार नव्हे. गाणी गोळा करायची, पण गायिका नव्हे. कधी मातीत हात, कधी कापडात, आणि दर वेळी अख्खी गल्ली कामाला जुंपलेली. कुणी विचारलंच तर आप्पा म्हणत, "चालू असतं तिचं काहीतरी," आणि पटकन विषय बदलत.

आप्पा पाणीखात्यातून निवृत्त झालेले. उभा जन्म गळती शोधण्यात गेला. रस्त्याला कान लावून खाली पाइप कुठे फुटलाय ते सांगायचे. त्याच खात्यात त्यांनी धाकटीसाठी शब्द टाकला होता. टेबल, खुर्ची, महिन्याचा पगार, सगळं तयार. ती ना हो म्हणाली ना नाही. म्हणाली, "पैज लावू या, आप्पा."

पैज अशी, की गल्लीच्या वरच्या टोकाला एक झरा आहे. पूर्वी त्याचा ओहोळ गल्लीतून वाहत येऊन खालच्या दगडी हौदात पडायचा. मग डांबर आलं, पाणी गटारात वळलं आणि हौद पडला कोरडा. धाकटीनं म्हाताऱ्याकोताऱ्यांना विचारून विचारून ओहोळाची जुनी वाट रस्त्यावर खडूनं आखली होती. आता त्या वाटेवर सगळ्यांनी उभं राहायचं आणि झऱ्याचं पाणी ओंजळीतून ओंजळीत देत हौदापर्यंत आणायचं. भांडं नाही, बाटली नाही. जेवायच्या वेळेपर्यंत हौदात पाणी पडलं, तर आप्पांनी नोकरीचं नाव पुन्हा काढायचं नाही. नाही पडलं, तर ती सोमवारी मुकाट्यानं खुर्चीत जाऊन बसणार.

आप्पा मनातल्या मनात हसले. एवढा उतार, एवढी माणसं, आणि त्यातली निम्मी घरचा नळसुद्धा नीट बंद करत नाहीत. पैज खिशातच होती. कुणी लबाडी करायला नको म्हणून हौदापाशी शेवटची जागा त्यांनी स्वतः मागून घेतली.

पहिल्या खेपेला पाणी न्हाव्यापर्यंत आलं आणि न्हाव्याच्या पँटवर संपलं. दुसऱ्या खेपेला टेलरच्या दारात पोचलं. टेलर म्हणाला, माझ्याकडे आलंच नाही. न्हावी म्हणाला, मी दिलं होतं. शाळेतून निवृत्त झालेल्या बाईंनी दोघांनाही गप्प केलं आणि मग स्वतःच इतक्या हसल्या की त्यांना उचकी लागली. गल्लीला हसू आवरेना. वर धाकटी "पुन्हा, पुन्हा" करत उड्या मारत होती, पण तिचा चेहरा उतरत चालला होता.

आता सांगा, अशा वेळी माणसानं गप्प उभं राहावं की नाही? सगळं मनासारखं चाललं होतं. पण आप्पांच्या जिवाची नुसती तगमग. डोळ्यांदेखत एवढं पाणी वाया जातंय आणि आपण हातावर हात धरून बसायचं?

ते तरातरा चढण चढून गेले.

"बोटं आवळा. अंगठे आत. अहो, ही ओंजळ आहे की चाळणी? वरच्यानं ओतायचं नाही, हळू सोडायचं. खालच्यानं अगदी खेटून धरायचं. लाजताय कसले?" त्यांनी टेलरची अंगठी काढायला लावली. उंच माणसं वर नेली, बुटकी खाली आणली. तरी वळणावर एक माणूस कमीच पडत होता. तेव्हा त्यांनी घरात हाक मारून बायकोला बाहेर बोलावलं.

ती हात पुसत आली. "अहो, पैज तुम्हाला जिंकायची आहे ना?"

"आहे की."

"मग हे काय चाललंय?"

"गळतंय गं," आप्पा कळवळून म्हणाले.

पुन्हा पाणी सुटलं. न्हाव्याकडून टेलरकडे, टेलरकडून पुढे. खिडक्यांतून आरडाओरडा सुरू झाला. पाणी वळणावर आलं, वळून पुढे गेलं. माणसं गुडघ्यांत वाकून, श्वास रोखून, हसू दाबून उभी. आप्पा धावत जागेवर पोचले तोवर बाईंची ओंजळ पुढे आलीच होती. आप्पांनी खाली हात धरले. पाणी आलं. थोडंसंच, तळहाताचा खळगा भरेल एवढं, गारेगार.

आणि तेव्हा कुठे त्यांना पैज आठवली.

बोटं जराशी सैल सोडायची, बस्स. बाई आपल्या भिजलेल्या चपलांकडे बघत होत्या, कुणाला कळलंही नसतं. वर धाकटी टाचा उंचावून उभी होती, तोंडावर दोन्ही हात. आप्पा हातातल्या पाण्याकडे बघत राहिले. नोकरीत त्यांनी पाणी अडवलं होतं, तोडलं होतं, वळवलं होतं. हातात धरून असं कधी कुठे पोचवलं नव्हतं. त्यांना विलक्षण आनंद झाला, अगदी वेड्यासारखा.

त्यांनी हौदावर वाकून ओंजळ उघडली.

गल्लीनं आभाळ डोक्यावर घेतलं. न्हाव्यानं टेलरला उचललं. धाकटी उतारावरून धावत आली, धापा टाकत समोर उभी राहिली. शेवटी बायकोनंच विचारलं, "मग नोकरीचं काय करायचं?"

"कसली नोकरी?" आप्पा तिच्यावरच खेकसले. "वळणावर निम्मं पाणी गेलं. उद्या पुन्हा उभं करायचंय सगळ्यांना. इथे एवढी माणसं गळतायत, आणि ही तिकडे खुर्चीत जाऊन बसली, तर त्यांच्याकडे बघणार कोण?"

मग ते धाकटीकडे वळले. "तू दाखव बघू हात."

तिनं ओंजळ पुढे केली. आप्पांनी तिचे अंगठे आत दाबले, एकेक बोट नीट जुळवलं. ती हसतेय की रडतेय, तिकडे त्यांचं लक्षच नव्हतं.

"हं," ते म्हणाले, "आता धरेल."