नळदुर्गाच्या शर्यतीची सायकल

मी एक सायकल आहे आणि मी चिडलेली आहे. या शहरात माझ्याबद्दल फार चांगलं बोललं जातं. त्या चांगल्या बोलण्याचाच मला राग आहे. म्हणून माझी हकीकत आज मीच सांगते.

माझा जन्म फ्रान्समधला, एकोणीसशे एकसष्ट सालचा. अंग बारीक नळ्यांचं, रंग निळा. हँडल मेंढ्याच्या शिंगांसारखं खाली वळलेलं. मागच्या चाकाला लहान-मोठ्या पाच दातेरी चकत्या. आणि मधला दांडा तिरका उतरलेला, बायकांच्या सायकलला असतो तसा.

मादलेन नावाच्या एका शिक्षिकेनं मला विकत घेतलं. वय चाळिशीचं, एकटी राहायची. शाळेला सुट्टी लागली की आम्ही दोघी निघायचो. ल्वार नदीच्या काठानं सपाट रस्ता, दोन्ही बाजूंना उंच सरळ झाडं, मग द्राक्षांचे मळे. चढ आला तरी तो बेतानं यायचा, दम लागायच्या आत संपायचा. दर पाच-सात मैलांवर पांढऱ्या दगडाचा एखादा किल्ला किंवा राजवाडा. मादलेन मला भिंतीला टेकवून आत जायची आणि तासाभरानं डोळे मोठे करून परत यायची. एक राजवाडा तर नदीतच पाय रोवून पुलासारखा उभा होता. तो बायकांनी बांधला, बायकांनी वाढवला आणि बायकांनीच राखला, असं ती मोठ्यानं वाचून दाखवायची. तिथल्या दहा वर्षांत ही बाई सायकलवर का बसते, असं मला टेकवलेल्या एकाही भिंतीनं विचारलं नाही.

एकाहत्तर साली तिला जग बघायचं वेड लागलं. मला बोटीत घातलं आणि आम्ही मुंबईला उतरलो. तिथून हैदराबादला सायकलनं जायचं ठरलं होतं. सोलापूरला पोचेपर्यंत मादलेनबाईचे डोळे हळदीसारखे पिवळे झाले. कावीळ. दीड महिना ती इथल्या एका दवाखान्यात पडून होती. तिचं नाव कुणाला नीट घेता येईना, तेव्हा वॉर्डातल्या बायकांनी ती मदालसाबाई करून टाकली.

तिची शुश्रूषा करणारी नर्स म्हणजे शरणम्मा. पंचविशीची, सडपातळ, बोलणं कमी. तेलंगी पाच्छा पेठेकडे दोन खोल्यांत आई बसव्वा आणि धाकटा भाऊ मल्लिकार्जुन यांच्याबरोबर राहायची. घर तिच्याच पगारावर चालायचं. ड्यूटी संपली की ती व्हरांड्यात येऊन माझ्याकडे बघत उभी राहायची. एके दिवशी खाटेवरून मादलेनबाईनं हातानंच खूण केली. बस.

ती पडली. कोपर फुटलं. तिनं स्वतःच आयोडीन लावलं आणि पुन्हा बसली. पंधरा दिवसांत ती दवाखान्याच्या आवारात हात सोडून गोल फिरू लागली. माझा दांडा तिरका, त्यामुळे नर्सचं पांढरं पातळ अडकायचं नाही.

बरी झाल्यावर मादलेनबाईला इथला किल्ला बघायचा होता. तिनं तासावर मिळणारी एक सायकल भाड्यानं घेतली आणि मला शरणम्माच्या हातात दिलं. आम्ही हैदराबाद रोडनं नळदुर्गला गेलो, अठ्ठावीस मैल. भाद्रपद होता. बोरी नदी भरली होती आणि किल्ल्यातल्या बंधाऱ्यावरून पाणी कोसळत होतं. त्या बंधाऱ्याच्या पोटात पाणी महाल आहे. खिडकीत बसायचं आणि समोरून पाण्याचा पडदा पडताना बघायचा. दोघी भिजल्या. मोडक्या इंग्रजीत मादलेनबाई म्हणाली की आमच्याकडेही नदीतला एक राजवाडा आहे, पण त्याला एवढा आवाज नाही. शरणम्मा इतकी हसली की मला बाहेरपर्यंत ऐकू आलं.

हैदराबादला मादलेनबाई रेल्वेनं गेली. मला शरणम्माला देऊन गेली. पितळी टाचणीनं तसं लिहिलेला कागद लावला होता, त्यावर तिची सही होती. हे मुद्दाम सांगते, पुढे कामाला येईल असं मला वाटलं होतं. आलं नाही.

पुढची दोन वर्षं शरणम्मानं मला झिजवलं. बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायच्या कामांवर हजारो माणसं होती. त्यांना पटकीची इंजेक्शनं द्यायला तिला पाठवत, आणि ती मला घेऊन जाई. बारा मैल, पंधरा मैल, उन्हात. रविवारी मात्र ती स्वतःसाठी निघायची. कधी माचणूरचा किल्ला, कधी नळदुर्ग. पाण्याचा पडदा नसलेला कोरडा बंधाराही तिनं कितीदा पाहिला.

गल्ली हसायची. मल्लिकार्जुन सगळ्यात जास्त. "बायकांची सायकल हाय ती. मी बसलो तर पोरं हसतील मला," असं म्हणायचा.

चौऱ्याहत्तरच्या जानेवारीत एका तरुण मंडळानं शर्यत जाहीर केली. सोलापूर ते नळदुर्ग किल्ला आणि परत, छप्पन मैल. मंडळाचे अध्यक्ष महादेवप्पा पेठेतले वजनदार व्यापारी. शरणम्मा नाव द्यायला गेली.

"अगं, तुमच्यासाठी वेगळं ठेवलंय की," महादेवप्पा म्हणाले. "संगीत खुर्ची हाय, लिंबू-चमचा हाय."

"मला सायकल चालवायची आहे, अण्णा."

"सायकल दे की मग. तुझ्या भावाला दे. आमच्या मंडळाचाच गडी हाय तो."

ती घरी आली. बसव्वानं तिचा चेहरा बघितला आणि कन्नडात म्हणाली, "सुम्ने इरु." गप्प बस. शरणम्मा गप्प बसली. शर्यतीच्या दिवशी सकाळी मल्लिकार्जुन मला घेऊन निघाला. बायकांच्या सायकलला आता कुणी हसलं नाही, कारण ती हलकी होती.

आता पुढचं नीट ऐका. हे फक्त मला आणि दोन माणसांना ठाऊक आहे.

बोरामणीपर्यंत तो बरा चालला. मग त्याची मांडी धरली. इटकळला पोचलो तेव्हा तो सगळ्यांच्या मागे होता. तिथल्या एका हॉटेलामागे त्यानं मला कडब्याच्या गंजीला टेकवलं आणि मिरची भजी मागवली. थोड्या वेळानं मंडळाची जीप आली. किल्ल्याच्या दरवाजात स्पर्धकांच्या मनगटाला लाल फीत बांधायची होती, त्या फितींचा गठ्ठा जीपमध्येच होता. जीपवाल्यानं एक फीत त्याला तिथंच बांधली. "आपलाच गडी," तो म्हणाला. मल्लिकार्जुननं दुसरी प्लेट संपवली, दीड तास कडब्यावर आडवा झाला, आणि लांबून पहिला सायकलवाला परत येताना दिसल्याबरोबर मला घेऊन त्याच्या पुढे निघाला.

तो पहिला आला. त्याला हार घातले, चांदीचा कप दिला. मला कुंकू लावलं. मी काय करणार? मला घंटी होती, पण ती दुसऱ्यानं वाजवायची.

घरी शरणम्मानं त्याला पाणी दिलं आणि विचारलं, "मल्लू, पाणी महालाला गेलतास का? पाणी पडत होतं?"

"व्हय की अक्का. लई पडत होतं. पांढरं फेक."

जानेवारीत तिथं थेंब पडत नाही. शरणम्मा माझ्यापाशी खाली बसली आणि तिनं माझी चाकं फिरवून बघितली. नळदुर्गाच्या अलीकडे दोन मैल रस्त्यावर ताजं डांबर टाकलं होतं. जाऊन आलेल्या प्रत्येक सायकलच्या टायरला काळा लगदा आणि बारीक खडी चिकटली होती. माझे टायर नुसते धुळीचे.

ती मला ढकलत महादेवप्पांच्या दुकानात घेऊन गेली.

"अण्णा, ही सायकल नळदुर्गला गेलेली नाही. बाकीच्यांचे टायर बघा आणि हिचे बघा."

महादेवप्पा खाली वाकले. माझ्या टायरवरून त्यांनी बोट फिरवलं. बोटाला डांबराचा ठिपका नाही. त्यांनी ते बघितलं. मी त्यांचा चेहरा बघत होते, त्यांना सगळं कळलं. मग ते उभे राहिले आणि ते नुसत्या धुळीचं बोट त्यांनी धोतराला पुसलं.

"भावाच्या नावाला बट्टा लावतीस का?" ते म्हणाले. "घरातलं घरात ठेव, बाई."

त्या पुसलेल्या बोटाचा राग माझ्या नळीनळीत आहे. मल्लिकार्जुन आळशी होता, खोटा होता. पण या माणसानं खरं काय ते हातानं चाचपून बघितलं होतं.

पुढच्या रविवारी उजाडताच शरणम्मानं माझं ओव्हरऑइलिंग केलं, निऱ्या खोचल्या आणि ती एकटी निघाली. मी सांगते, तसं मला कुणीच चालवलं नाही. तांदुळवाडीच्या चढाला ती उठून उभी राहिली आणि उभ्यानंच पायडल मारत वर आली. वारा समोरून होता. तिचा श्वास माझ्या हँडलवर आदळत होता. किल्ल्याच्या दरवाजात म्हातारा पहारेकरी ज्ञानबा बसला होता. त्याच्याकडून तिनं कागदावर वेळ लिहून घेतली.

"बाई, मागं कोन लागलंय का तुमच्या?" त्यानं विचारलं.

"न्हाय मामा. पुढं हाय."

पाणी पिऊन ती लगेच फिरली. भावाच्या नावावर जी वेळ लागली होती, तिच्यापेक्षा बावीस मिनिटं आधी ती सोलापुरात होती. दोन्ही टाचा सोलल्या होत्या. त्याच पायांनी ती दुकानात गेली आणि कागद पुढे ठेवला.

महादेवप्पांनी कागद वाचला. दुकानात चार माणसं होती, ती सगळी माझ्याकडे बघू लागली.

"फ्रान्सची सायकल हाय," महादेवप्पा म्हणाले. "पळणारच की."

माणसांनी माना हलवल्या. एकानं माझी सीट थोपटली.

मी लोखंड आहे हो! मी पळत नाही. भिंतीला टेकवलं तर मी वर्षभर टेकून राहते. ते छप्पन मैल तिच्या मांड्यांचे, तिच्या फुप्फुसांचे, तिच्या टाचांचे होते. ते तुम्ही माझ्या नावावर लावलेत आणि मला वाटलं, तिथंच माझी वेल्डिंग सुटावी.

आठवडाभरानं शरणम्मा ड्यूटीवर असताना मंडळाची चार माणसं आली. मल्लिकार्जुननं मला मंडळाला भेट दिलं होतं. मादलेनबाईच्या सहीचा कागद बसव्वाच्या ट्रंकेत होता. तो कुणी मागितला नाही. मला मंडळाच्या कचेरीत भिंतीवर टांगलं आणि खाली पाटी लावली. विजेता म्हणून मल्लिकार्जुनचं नाव, आणि खाली 'शहराची शान'.

शरणम्मानं बदली मागून घेतली, बोरामणीच्या उपकेंद्रात. भाड्याच्या दुकानातून एक जुनी, काळी, जड सायकल विकत घेतली. रोज त्याच रस्त्यानं जाते आणि येते. अलीकडे भाऊ समोर आला की ती त्याच्याशी बोलते, जेवायला वाढते, पण शर्यतीचं नाव घेत नाही. तो घेतो. दर दसऱ्याला नव्या पोरांपुढे त्याचं भाषण असतं.

यंदा, म्हणजे अठ्ठ्याहत्तरच्या जानेवारीत, ती कचेरीत आली. भर दुपार होती. महादेवप्पा, मल्लिकार्जुन आणि आणखी दोघे-तिघे बसले होते. तिच्या हातात पाना होता. कुणाला काही न विचारता तिनं स्टूल ओढलं, वर चढली आणि माझ्या सीटचा नट ढिला करू लागली.

ती सीट चामड्याची. चामडं बसणाऱ्याचा आकार धरतं. त्यात दहा वर्षं मादलेनबाईची होती आणि वरून शरणम्माची. इथं तिच्यावर चार वर्षं धूळ बसली होती.

"अक्का, काय करतीस?" मल्लिकार्जुन म्हणाला. उठला मात्र नाही.

"सायकल तुमची. सीट माझी."

"अगं, सीट काढली तर सायकल दिसंल कशी?" महादेवप्पांनी विचारलं.

शरणम्मानं सीट पदरानं पुसली. "हिच्यावर बसून नळदुर्गला कोण गेलं, अण्णा?" ती म्हणाली. "त्यानं येऊन मागावी. मी देते."

तिनं भावाकडे बघितलं. तो पाटीकडे बघत होता. मग ती स्टुलावरून उतरली आणि गेली.

आजपर्यंत तिच्याकडे सीट मागायला कुणी गेलेलं नाही. माझ्या रिकाम्या नळीवर मंडळानं झेंडूचा हार अडकवला आहे. टायर बसले, साखळी गंजली. मला खाली उतरवा असं मी म्हणत नाही. माझं वय झालं.

एवढंच मागते. हैदराबाद रोडला जाता-येता कधी पांढऱ्या पातळातली बाई काळ्या सायकलवरून वाऱ्याविरुद्ध येताना दिसली, तर बाजूला व्हा, तिला वाट द्या. आणि सायकल कुठल्या देशाची, असं तिला विचारू नका.