दुमडलेलं टोक

बाबांचा एक नियम होता. रोल संपला की तो परत गुंडाळताना फिल्मची जीभ डबीबाहेर थोडी राहू द्यायची, आणि तिचं टोक दुमडायचं. जीभ बाहेर असली की पुढे अंधारात डबी फोडत बसावं लागत नाही. दुमडलेलं टोक म्हणजे भरलेला रोल, सरळ टोक म्हणजे कोरा. घरात हे दोघांनाच ठाऊक होतं, बाबांना आणि लेकीला. तिसऱ्या माणसाला सांगावं असं कधी कुणाला वाटलं नाही. तिसरं माणूस म्हणजे आई, आणि आईला फोटोंचा भारी कंटाळा.

बाबा गेले, आणि लेकीच्या मनात त्यांचा शेवटचा फोन अडकून राहिला. "अगं, या वेळी नवलच झालं. तुझी आई चक्क एक्स्चेंजमध्ये आली. तिच्या जुन्या जागेवर बसवून फोटो काढलेत. रोल धुतलेला नाही अजून. तू ये, मिळून धुऊ."

ती आली, पण रोल धुवायला नव्हे.

जुनं टेलिफोन एक्स्चेंज वस्तीच्या टोकाला होतं. आई तिथे ऑपरेटर, बाबा केबल जोडणारे. ते बंद पडल्यावर दारं-खिडक्या माणसांनी नेल्या आणि उरलेलं झाडाझुडपांनी ताब्यात घेतलं. बाबा दर वर्षी जाऊन त्याचे फोटो काढायचे. जमिनीखालच्या ज्या नळ्यांतून त्यांनी तरुणपणी केबल ओढल्या, त्यांतूनच आता एक वेल वर आला होता, आणि त्याचं त्यांना कोण कौतुक. "बघ, जोडणी अजून चालू आहे," म्हणायचे. त्यावर आईचं ठरलेलं उत्तर: "जन्मभर तारा ओढल्या, आता वेली ओढा."

लेकीने रोलसाठी घर पालथं घातलं. कॅमेरा रिकामा होता. कपाटाच्या खणात दोन रोल मिळाले, पण दोन्हींची टोकं सरळ, इस्त्री केल्यासारखी.

"रोल घातलाच नसेल," आई म्हणाली. "तुझ्या पहिल्या वाढदिवसाला नाही का? 'हसा, हसा' करत सगळ्यांचे जबडे दुखवले, आणि मागून कळलं की कॅमेऱ्यात काहीच नाही. मी मेली सगळ्यांत जास्त हसले होते."

लेकही हसली. पण रात्री तिला वाटून गेलं की तसं असेल तर शेवटचं काहीच उरलं नाही. दुसऱ्या दिवशी तिने सरळ टोकाचा एक रोल कॅमेऱ्यात भरला. बाबांचे फोटो नाहीत, तर निदान ती जागा तरी.

"येतेस?"

"एकदा बसले तेवढं पुरे. त्या खुर्चीतून मुंग्या निघाल्या."

एक्स्चेंजमध्ये जमिनीवर शेवाळ होतं, मऊ आणि ओलं. ऑपरेटरच्या बोर्डावरची शेकडो भोकं एकेकाने वाटून घेतलेली. कुठे कोळी, कुठे गवताचं पातं, कुठे गांधीलमाशीचं मातीचं घर. आईची खुर्ची तशीच होती. वेल तिच्या पायावरून चढून पाठीवर पसरला होता. ऊन मागच्या दारातून येत होतं. लेकीने कॅमेरा डोळ्याला लावला, तर तिची सावली खुर्चीवर पडली. ती पटकन बाजूला झाली. सावली फोटोत आली की फोटोग्राफर कच्चा, बाबा नेहमी म्हणायचे. तिने अख्खा रोल तिथेच संपवला.

घरी येऊन तिने बाथरूमच्या दाराच्या फटीत टॉवेल कोंबले आणि बाबांच्याच डब्यात रोल धुवायला घेतला.

"मला केस धुवायचेत," आई बाहेरून म्हणाली. "आजच्या आज निघणार आहेस का? की तुझ्या बाबांसारखी तिथेच संसार थाटणार?"

आत रोल धुऊन झाला होता. ओली पट्टी लेकीने दिव्यासमोर धरली होती. फोटो गच्च काळे आले होते, एकात एक मिसळलेले. आणि त्या गचपणात खुर्ची रिकामी नव्हती.

तिने फटीतले टॉवेल ओढून काढले. मग दार उघडलं.

"आई, खणातल्या रोलचं टोक तू सरळ केलंस?"

"वाकडं झालं होतं. शब्दकोशाखाली दाबून ठेवलं दोन दिवस. का गं?"

का ते लेकीने सांगितलं. थोडक्यात, आवाज न चढवता. भरलेला रोल पुन्हा भरला गेला होता; बाबांच्या फोटोंवर तिने स्वतःच्या हाताने आपले फोटो काढले होते.

आई कपडे धुवायच्या स्टुलावर बसली. "म्हणजे मीच घालवले."

"तू नाही."

"मला कुणी सांगितलं होतं का? तुम्हा दोघांचं आपलं गुपित."

"नाही सांगितलं," लेक म्हणाली. "सांगायला हवं होतं."

तिने पट्टी पुन्हा उजेडात धरली. बहुतेक फोटो वाया गेले होते. एकच जरा उलगडत होता. त्यात आई खुर्चीत बसली होती, ताठ, एक हात बोर्डाकडे. आणि पुढे जमिनीवर बाबांची सावली पडली होती. पक्क्या फोटोग्राफरची, लांबलचक, एक खांदा किंचित वर. सावलीच्या जागी फिल्मला ऊन कमी लागलेलं. म्हणून लेकीच्या फोटोंतली वेलाची पानं इतरत्र विरून गेली होती, आणि फक्त त्या सावलीच्या आत स्वच्छ उतरली होती. एकेक शीर दिसत होती.

तिने बोट दाखवलं. आईने चष्मा पुसला, पट्टी जवळ घेतली आणि खूप वेळ पाहिली.

"केस बघ माझे," ती म्हणाली. "काळेभोर आलेत. तेव्हा होते तसे."

निगेटिव्हमध्ये पांढरं काळं दिसतं, हे लेकीच्या ओठांवर आलं होतं. तिने ते गिळलं.

पट्टी दोरीवर वाळत घालून दोघी बाहेर आल्या. आईने खण उघडला. दुसरा रोल तिथेच पडला होता, टोक सरळ.

"हा कोरा आहे का?"

"तूच सांग. हाही दाबलास का?"

"आठवत नाही बाई. वाकडं दिसलं की करते सरळ." तिने रोल तळहातावर घेऊन उलटसुलट केला. "कसं दुमडायचे ते?"

लेकीने दाखवलं. आईने टोक दुमडलं, नखाने घडी पक्की केली, आणि रोल खणात ठेवला.

"उद्या धुऊ," ती म्हणाली. "आज मला केस धुवायचेत."